आधी मंजुरी, मग प्रवास: नोकरी गेलेल्या एच-१बीधारकाचा प्रश्न

प्रश्न: मी न्यू जर्सीत एच-१बी या अमेरिकेच्या कामाच्या व्हिसावर पाच वर्षे सॉफ्टवेअर अभियंता होतो. ९ जानेवारी २०२६ रोजी नोकरी गेली. त्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला असून मार्चअखेरपर्यंतच्या भरपाईची रक्कम वेगळी मिळणार आहे. माझे आय-९४ (अमेरिकेत किती काळ राहता येईल याची सरकारी नोंद) नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे. दुसरी कंपनी मला घ्यायला तयार आहे. फेब्रुवारीच्या शेवटी नाशिकला आईची शस्त्रक्रिया आहे आणि नव्या कंपनीचे एचआर म्हणते की, "तुम्ही खुशाल जाऊन या, तोवर आम्ही अर्ज भरतो." एक लाख डॉलरचे शुल्क मला लागू होईल का? पत्नी एच-४वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर आहे.

उत्तर: एचआरचा हा सल्ला कृपया मानू नका. त्यांचा हेतू चांगला असेल, परंतु आपण भारतात असताना आणि हातात वैध व्हिसा नसताना अर्ज दाखल झाला, तर १ लाख डॉलरचे शुल्क लागू होईल, आणि ते भरायला कंपनी तयार झाली नाही तर आपली नोकरी सुरू होण्याआधीच संपेल.

१९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने २१ सप्टेंबरपासून दाखल होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर हे शुल्क बसवले आणि मूळ मुदत १२ महिन्यांची ठेवली. कोणाला ते लागू नाही याचा खुलासा अमेरिकी नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाने २० ऑक्टोबर २०२५ रोजी केला. अमेरिकेत असलेल्या व्यक्तीसाठी मुक्काम वाढवण्याची, दर्जा (म्हणजे कोणत्या प्रकारे तिथे कायदेशीर राहता येते तो प्रकार) बदलण्याची किंवा आधीच्या अर्जात दुरुस्तीची मागणी केली असेल आणि ती मंजूर झाली, तर शुल्क नाही. अशा मंजुरीनंतर ती व्यक्ती परदेशी गेली आणि त्याच मंजुरीवर व्हिसा मागितला, तरीही शुल्क नाही. या खुलाशातला 'मंजूर झाली' हा शब्द आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्जदाराचा दर्जा वैध नव्हता असे ठरून ती मागणी फेटाळली गेली, तर शुल्क पुन्हा पुढ्यात येते. अर्ज प्रलंबित असताना देश सोडण्याची जोखीमही मी आपल्याला घेऊ देणार नाही.

आता दिवसांचा हिशेब पाहू. नोकरी गेल्यानंतर मिळणारा सवलतीचा काळ जास्तीत जास्त ६० दिवसांचा, किंवा आय-९४ आधी संपत असेल तर तिथपर्यंतचा असतो. तो साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार दिला गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजला जातो. नंतर मिळणाऱ्या भरपाईने तो लांबत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांची गल्लत नेमकी इथेच होते. आपला पहिला दिवस १० जानेवारी आणि साठावा १० मार्च. मात्र ही सवलत विभागाच्या विवेकाधीन आहे, हक्काची नाही, त्यामुळे नऊ मार्चपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण नाही. नव्या कंपनीला आधी श्रम विभागाकडून वेतनाविषयीचा दाखला घ्यावा लागतो आणि त्यालाच सात कामकाजाचे दिवस जातात. तेव्हा ती प्रक्रिया या आठवड्यातच सुरू करायला सांगा. सवलतीच्या काळात अर्ज दाखल झाला की, निकालाची वाट न पाहता आपल्याला नव्या कंपनीत काम सुरू करता येते.

अर्ज आय-१२९ या नमुन्यावर जातो. त्याच्या दुसऱ्या भागात 'कोणती कृती हवी' असा रकाना आहे, आणि आपले सारे प्रकरण त्या एका खुणेवर उभे आहे. तिथे मुक्काम वाढवण्याच्या पर्यायावर खूण हवी. व्हिसासाठी दूतावासाला कळवण्याच्या पर्यायावर खूण झाली, तर आपण अमेरिकेत बसलेले असलात तरी शुल्क लागू होते. सही होण्याआधी कंपनीच्या वकिलांकडून त्या पानाची प्रत मागून घ्या आणि खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सोबत शेवटच्या पगारपावत्या जोडायला सांगा. प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क भरून जलद निर्णयाची प्रक्रिया घेतल्यास १५ कामकाजाच्या दिवसांत स्थलांतर सेवा विभागाची कारवाई अपेक्षित असते. पण जादा पुरावे मागवले गेले, तर उत्तर पोहोचल्यावर ती मोजणी नव्याने सुरू होते. मंजुरीपत्र आले की त्याच्या तळाशी नवे आय-९४ छापलेले आहे का ते तपासा. ते नसेल तर अर्ज मंजूर पण मुक्कामवाढ नामंजूर, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी तिकीट काढण्याआधी वकिलांशी बोला.

दरम्यान कोणी पर्यटक दर्जासाठी अर्ज करण्याचा पर्याय सुचवेल. एरवी तो तग धरण्यापुरता उपयोगी पडतो. पण आज तो प्रलंबित असताना ६० दिवस उलटले, तर पुढच्या एच-१बी अर्जात वैध दर्जाचाच प्रश्न उभा राहतो. नवी नोकरी हातात असताना त्या वाटेला जाऊ नये.

आईच्या शस्त्रक्रियेविषयी लिहिताना मलाही जड जाते. जानेवारीअखेर अर्ज प्रीमियममध्ये गेला, तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास निर्णय येऊ शकतो आणि आपण वेळेवर पोहोचू शकता. अडचण परतीची आहे. व्हिसा संपलेला असल्याने भारतात स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घेणे, करावेच लागेल. सप्टेंबर २०२५ पासून अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी अशी अपेक्षा असल्याने, मध्येच तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग उरकण्याची जुनी सोय गृहीत धरता येत नाही. त्यातच १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या अनेक मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या. म्हणून निघण्यापूर्वी, परत येण्यास तीन-चार महिने लागले तर भारतातून काम करू देणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या. ते मिळत नसेल आणि डॉक्टरांच्या मते शस्त्रक्रिया थोडी लांबवता येत असेल, तर तसे विचारून पाहा. नाहीतर भारतातल्या भावंडांपैकी कोणी आईजवळ राहू शकेल का, याचा विचार करावा.

पत्नीचा दर्जा आपल्या दर्जावर टिकून आहे. त्यांचे आय-९४ही नोव्हेंबरपर्यंत असेल तर लगेच अर्ज सक्तीचा नाही, तरी मुदतवाढीचा त्यांचा अर्ज आपल्या अर्जासोबतच पाठवावा आणि तो निकाली निघेपर्यंत त्यांनीही देश सोडू नये. पत्नी एच-४च्या कामाच्या परवान्यावर नोकरी करत असतील, तर त्याच्या नूतनीकरणाची तारीख आजच पाहा: ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाला पूर्वीची आपोआप मिळणारी मुदतवाढ राहिलेली नाही, आणि जुना परवाना संपला की नवा हातात येईपर्यंत त्यांना काम थांबवावे लागेल.