गुत्त्याची वेळ, मीटिंगची वेळ

प्रश्न : वय 43. कुर्ल्याच्या एका कारखान्यात फिटर आहे, राहायला कल्याण पूर्वेला. घर माळकऱ्याचं; माझी माळ मात्र पंधरा वर्षांपूर्वीच खुंटीला लागली. मागच्या महिन्यात बायकोच्या आग्रहाखातर एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेच्या, एका मीटिंगला गेलो. चर्चच्या आवारात होती. निम्मं बोलणं इंग्रजीत, शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना. वर आमच्याच सोसायटीतला एक माणूस समोर बसलेला! परत गेलो नाही. स्वतःच सोडून बघतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हात थरथरतात. माझ्यासारख्याला जमेल अशी मीटिंग कशी शोधायची? नाव छापू नये.

उत्तर : नाव छापत नाही. माझंही छापत नाही, एएमधला रिवाजच तसा आहे.

आधी हाताचं बोलू. रोजची दारू एकदम तोडली की काहींना झटके येतात, काहींना भास होतात, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. मीटिंग हे त्यावरचं औषध नाही. आधी डॉक्टरला गाठा आणि किती पिता ते खरं सांगा. आपण सगळेच निम्मं सांगतो म्हणून म्हणतोय. कुठे जावं कळत नसेल तर 14446 हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं तर व्हा, मीटिंग कुठे पळून जात नाही.

आता मीटिंग. मी पहिल्यांदा गेलो ती महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात होती. पोरांच्या बाकड्यात गुडघे मावेनात, फळ्यावर सतराचा पाढा अर्धवट पुसलेला. एक गृहस्थ वीस मिनिटं आपल्या मेव्हण्याला शिव्या घालत होते. मनात म्हटलं, यापेक्षा माझा गुत्ता शांत. दुसऱ्या ठिकाणी सगळे पेन्शनर निघाले. तिसऱ्या ठिकाणी मात्र चहा वाटणाऱ्या माणसाने माझ्या हाताकडे एकदा पाहिलं आणि कप अर्धाच भरला. बोलला काही नाही. पुढच्याला पूर्ण कप, मला अर्धा. सांडू नये म्हणून! ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याचा स्वतःचा हात कधीतरी तसाच हलला होता. मी त्या ग्रुपला चिकटलो.

तेव्हा एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. एका खानावळीत भाजी खारट निघाली म्हणून कुणी जेवण सोडत नाही. पाच-सहा ग्रुप फिरा. एएच्या नंबरवर फोन केलात तर पत्ता मिळतो. मराठी की हिंदी, किती वाजता, ओपन की क्लोज्ड, एवढं विचारून घ्या. क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांची, म्हणजे सोडू इच्छिणाऱ्यांची. ओपनला बायकोलाही नेता येतं. तिच्यासाठी अल्-अनॉन ही वेगळी संघटनाही आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवलेत. तिलाही सोसावं लागलंय, हे तुमच्या पत्रात एका ओळीत उरकलंय.

पण माझ्या मते निवड करायची ती घड्याळावरून. तुमची प्यायची वेळ कोणती? सहाला सुटून कल्याणला उतरणार साडेसातच्या सुमारास, आणि स्टेशनबाहेर दुकान उघडं. हो ना? मग तुम्हाला साजेशी मीटिंग म्हणजे त्या गाडीच्या आणि त्या दुकानाच्या मध्ये बसणारी. रविवारी सकाळची सुंदर मीटिंग बुधवारी संध्याकाळी काय कामाची? रोज जवळपास काहीच नसेल तर लॉकडाऊनपासून ऑनलाइन मीटिंगाही चालतात. गाडीत कानाला हेडफोन लावून ऐका. लोकलच्या गर्दीत बोलायची सक्ती नाही, हे बरंच आहे.

ग्रुप छोटा निघाला, चौघंच बसलेत, म्हणून मागे फिरू नका. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात हे सुरू झालं तेव्हा दोघंच होते, एक शेअरदलाल आणि एक सर्जन.

चर्चचं म्हणाल तर तो हॉल भाड्याचा असतो. मीटिंगमध्ये पिशवी फिरते ती त्या भाड्याची आणि चहाची. नवख्याने नाही टाकलं तरी चालतं. बाहेरून देणगी घेत नाहीत. देव कुठला, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. तुम्ही विठ्ठल म्हणा, शेजारचा आणखी काही म्हणेल, कुणी गप्प राहील. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. माळ परत घालायची की नाही तो तुमचा आणि वडिलांचा प्रश्न. मला विचारलं नाहीत म्हणून सोडून देतो.

राहिला सोसायटीतला माणूस. अहो, तोही तिथे चणे-फुटाणे घ्यायला आला नव्हता! तुम्ही त्याला पाहिलंत, त्याने तुम्हाला पाहिलं, दोघांची झाकली मूठ. मी तुमच्या जागी असतो तर जिन्यात भेटल्यावर एवढंच विचारलं असतं, “तुम्ही कुठल्या दिवशी जाता?” त्याला कल्याण-डोंबिवलीतले ग्रुप माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आणि पहिल्या दिवशी बोलायला सांगितलं तर म्हणा, “आज फक्त ऐकतो.” कुणी आग्रह करत नाही. चहा मात्र घ्या.