आजोळी पत्ते खेळताना सगळे भांडतात का?

प्रिय मनू,

फ्रिजवर चिकटवलेली तुझी चिठ्ठी वाचली. ‘आजोळी सगळे पत्ते खेळताना एवढे भांडतात, मग दुसऱ्या दिवशी परत खेळायला का बसतात? आणि मी जिंकलेले हात कुणी मोजलेच का नाहीत?’ बाबाला विचारलं असतंस तर ‘तुझ्या आईचं माहेरच तसं’ म्हणून मोकळा झाला असता. म्हणून उत्तर मी लिहितेय.

इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला तुझ्या मैत्रिणीकडे खेळ काढला की आधी नियमांचं पुस्तक उघडतं. सावंतवाडीला पुस्तक नाही, आजी आहे. शिवाय प्रत्येक घराचे नियम वेगळे. मेंढीकोटाची पानं वाटायच्या आधीच ‘कट हुकूम की बंद हुकूम’ यावर दहा मिनिटं जातात. हुकूम म्हणजे बाकी रंगांना मारणारा रंग. कट हुकूम म्हणजे ज्याच्याकडे उतारीच्या, म्हणजे हाताची सुरुवात झालेल्या रंगाचं पान नसेल, त्याने पहिल्यांदा दुसऱ्या रंगाचं पान टाकलं की तो रंगच हुकूम. बंद हुकमात एक पान आधीच उपडं झाकून ठेवतात, त्याचा रंग तो हुकूम. मामाला बंद हुकूम आवडतो, कारण त्याला गुपितं आवडतात. मावशीला कट, कारण तिला धीर धरवत नाही.

आता खरं कारण. मेंढीकोटात ५२ पानं, चौघांना १३-१३, समोरासमोरचे दोघे भिडू. एक्का, राजा यांनी हात, म्हणजे चौघांनी टाकलेली चार पानं, मिळतो, पण डाव जिंकायचा तो दश्श्यांवर, म्हणजे दहाच्या पानांवर. ४ पैकी ३ दश्श्या ज्यांच्याकडे ते जिंकले, चारही आल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर मग हात मोजायचे, ज्यांचे किमान ७ त्यांचा डाव. म्हणजे भिडूचा एक्का पडला की आपली दश्शी त्यावर द्यायची आणि दुसऱ्या जोडीच्या हातात ती जाऊ द्यायची नाही, एवढंच शहाणपण. पण भिडूकडे काय आहे ते तोंडाने विचारायचं नाही. म्हणून मग मावशी कानातलं चाचपते, आजी ‘आज उकडतंय हो’ म्हणते, आणि मामा ओरडतो, ‘खुणा नकोत!’ (मामा स्वतः खोकतो. त्याला एरवी कधी खोकला झालेला मी पाहिला नाही.)

आणि एवढं करूनही एखादी दश्शी नको तिथे पडली, की आजोबांचा आवाज चढतो, ‘मेल्या, दश्शी कित्याक टाकलंस?’ हा मेल्या म्हणजे तुझा मामा, जो एरवी बँकेत बसून लोकांची कर्जं मंजूर करतो.

तू मात्र नीट पाहिलंस का, मामी काय करते? त्या घरात आजोबांना उलट कुणी बोलत नाही. जेवणाची वेळ त्यांची, बातम्यांचं चॅनेल त्यांचं. मामी लग्न होऊन आली तेव्हा त्यांच्यासमोर मोजूनमापून बोलायची. पण सतरंजीवर त्यांची भिडू म्हणून बसली की तीच म्हणते, ‘बाबा, माझा एक्का दिसत नव्हता का? दश्शी काय लोणचं घालायला ठेवलीत?’ आणि आजोबा पानांत डोकं घालून गप्प बसतात. मला वाटतं, ती सगळी मंडळी रोज दुपारी बसतात ती यासाठीच. वर्षभर जे बोलता येत नाही, ते तिथे दश्शीच्या नावाखाली ओरडून बोलता येतं आणि कुणाला लागत नाही. हे काही ठरवून चालत नाही, मामीला विचारलंस तर ती हसेल. आणि पैसे कधीच लावायचे नाहीत, त्याबाबत आजी कडक आहे. तिच्या लेखी पत्ते वेगळे आणि जुगार वेगळा.

माणसं जास्त झाली की मेंढीकोट बंद आणि झब्बू किंवा बदाम सात सुरू. तिघंच उरलो तर पाच-तीन-दोन. बदाम सातमध्ये आजी कशी आहे ते तुला कळलंच असेल. इस्पिकची अठ्ठी हातात दाबून ठेवते, सगळ्यांचा डाव अडवते आणि वर विचारते, ‘कुणाकडे अडलंय गो?’

राजवाड्यात तू गोल पत्ते पाहिलेस ना, हाताने रंगवलेले? ती गंजिफा. दशावतारी संचात १२० पानं असतात, १० अवतार आणि प्रत्येकाची १२ पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळायला बसलं तर सुरुवात रामाच्या राजाने, रात्री बसलं तर कृष्णाच्या. पाच अवतारांत दहा मोठा आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा! ही कला मागे पडत चालली होती, तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. आपल्या आजोबांना मात्र गंजिफा येत नाही. ‘१२० पानं लक्षात ठेवायची, तर भांडायला वेळ कधी मिळणार,’ असं त्यांचं म्हणणं.

आता तुझे हात. तू कच्चं लिंबू होतीस. लहान मूल खेळायला हटून बसलं की त्याला नाही म्हणायचं नाही, पानं द्यायची, पाळी द्यायची, कौतुक करायचं आणि हिशेबात धरायचं नाही. मावशी तुझ्यामागे बसून कोणतं पान टाक ते सांगत होती, आठवतंय? मीही त्याच सतरंजीवर अशीच बसायचे आणि मलाही भयंकर राग यायचा. यातून सुटका कुणी जाहीर करत नाही. एक दिवस तुझ्या चुकीवरून आजोबा तुझ्यावर ओरडतील, त्या दिवशी समजायचं की तू मोजली गेलीस.

तेव्हा मे महिन्यात जायच्या आधी पानं पिसायला शीक, तुझी जमिनीवर सांडतात. शनिवारी शेजारच्या आजोबांना बोलावू. ते क्लाव्हरयास हा इथला पत्त्यांचा खेळ खेळतात, त्यात हुकमाचा गुलाम राजाला आणि एक्क्यालाही मारतो. पण ही सवय सावंतवाडीला नेऊ नकोस, मामा हसेल. आणि एक आतली गोष्ट सांगते. चार वाजता चहा येतो आणि हातातला डाव तिथेच मोडतो. हरत असलीस तर पावणेचारपासून प्रत्येक पान टाकायला भरपूर वेळ लाव.

तुझी,
आई