रोलिंग मिलच्या इंटरव्ह्यूला जाताना

मंठ्याहून एका पोराचं पत्र आलंय, डिप्लोमा मेकॅनिकल लास्ट इयर, जालन्याच्या रोलिंग मिलमधून इंटरव्ह्यूचा कॉल आलाय, पण बिलेट, पास, टीएमटी सगळं डोक्यावरून जातंय आणि वडील म्हणतात भट्टीवर मरायला जायचं नाही.

बाळा, व्याख्या पाठ करत बसू नको, एका सळईचा रस्ता धर. भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेलं सच्छिद्र लोखंड) इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या भट्टीत वितळतं, तो रस सीसीएममध्ये, म्हणजे सलग ओतकाम करणाऱ्या मशीनमध्ये, ओतला की चौकोनी लांब तुकडे निघतात, ते बिलेट. ते ११०० ते १२०० डिग्रीला तापवून रोलमधून काढतात, काही मिलमध्ये तर सीसीएमवरून गरमच थेट रोलिंगला जातं, परत तापवायचा खर्च वाचतो. रोलमधून एकदा गेलं की एक पास. इतकं तापवून लाटलं की हॉट रोलिंग. कोल्ड रोलिंग पातळ पत्र्याला, फिनिश चांगलं येतं पण माल कडक होतो.

आता एक हिशोब स्वतः करून बघ. १०० बाय १०० चं बिलेट म्हणजे १०,००० चौरस एमएम, १२ एमएमची सळई ११३. म्हणजे लांबी ८८ पट, ६ मीटरच्या बिलेटची सळई ५०० मीटरच्या वर जाते! म्हणूनच पुढचं प्रत्येक स्टँड, म्हणजे रोलची जोडी, आधीच्यापेक्षा जोरात पळवावं लागतं, आणि स्पीड जुळलं नाही की लालभडक सळई गाईड सोडून बाहेर उसळते, त्याला कॉबल म्हणतात. वडिलांची भीती इथं शंभर टक्के खरी आहे, चालू मिलच्या जवळ उगाच उभं राहायचं नाही, कितीही जुना माणूस बोलवू दे.

टीएमटीत शेवटच्या स्टँडनंतर सळईवर जोरात पाणी मारतात, वरचा थर एकदम कडक होतो, आतली धग कूलिंग बेडवर बाहेर येऊन त्याच थराला टेंपर करते, म्हणजे त्याचा ठिसूळपणा कमी करते. लॅबमध्ये सळई कापून, पॉलिश करून अ‍ॅसिड लावलं की कडेची काळपट रिंग डोळ्यांनी दिसते, ती नक्की बघून घे. आणि एफई ५०० डी हा सळईचा ग्रेड, त्यातला ५०० म्हणजे किमान यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणाला सळई कायमची लांबायला लागते तो, एमपीएमध्ये), डी म्हणजे ती जास्त ताणली जाते, ५०० ला इलाँगेशन (तुटेपर्यंत वाढलेली लांबी) किमान १२ टक्के, ५०० डी ला १६.

माझं मत विचारशील तर जा. फक्त रोलिंग, मेंटेनन्स, लॅब तिन्हीकडं फिरवणार का, सेफ्टी शूज कोण देणार आणि पीएफ कापणार का हे तोंडावर विचार. नुसतं डिस्पॅचला बंडल मोजायला बसवणार असतील तर दुसरी मिल बघ, जालन्यात मिलची कमी नाही.