मुलांनी बांधलेलं दुसऱ्या दिवशी गायब? आधी संगणकाचा पासवर्ड कोणाकडे आहे ते बघा

मॅडम, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. सातवीच्या मुलांनी संगणक कक्षात लुआंटीत (ठोकळे रचून जग बांधायचा फुकट संगणक-खेळ) ठोकळ्यांचं गाव उभारलं, दुसऱ्या दिवशी मशीन चालू केली तर सगळं कोरं, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "यातून काही हाती लागत नाही, अभ्यासक्रमाकडे बघा." आमच्या शाळेतही हेच घडलं होतं. गेम कसा उतरवायचा, कसा चालवायचा हे तुम्हाला येतंय असं दिसतं, म्हणून ते सोडून पुढचं लिहितो.

गेममध्ये दोष नाही. सरकारी योजनेतून शाळांना आलेल्या बऱ्याच संगणकांवर असं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं की मशीन बंद करून चालू केलं की ते मूळ स्थितीत येतं. व्हायरस येऊ नये, सेटिंग बिघडू नये म्हणून ही सोय असते आणि तिचा हेतू चांगलाच आहे. पण त्यामुळे मुलांचं कामही पुसलं जातं, आणि ते थांबवण्याचा पासवर्ड शाळेकडे नसतो.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. संगणकांचा पुरवठादार म्हणायचा, "कार्यालयाचं पत्र आणा." कार्यालयात गेलं की, "हा तांत्रिक विषय आहे, कंपनीशी बोला." अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत, "ठेवून जा, साहेब मीटिंगला गेलेत." पुढच्या वेळी टेबल बदललेलं आणि आधीचा अर्ज सापडत नाही. यात कोणी पैसे मागितले असंही नाही. फक्त निर्णय आपल्या अंगावर नको, एवढंच प्रत्येकाला हवं होतं. आणि त्या खेळात त्या वर्षीची सातवी आठवीत गेली. जी मुलं मधल्या सुट्टीत आलेख कागदावर घरांचे नकाशे काढून आणायची, त्यांनी विचारणंच सोडून दिलं. याचा राग मला आजही आहे. मुलांचा उत्साह काही फाइलीत टिकून राहत नाही.

शेवटी माहितीच्या अधिकाराचा उपयोग झाला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून फक्त संगणकांच्या कराराची आणि हस्तांतरणाच्या कागदाची प्रत मागितली. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कागद हातात आल्यावर कळलं की कराराची मुदत कधीच संपली होती, यंत्रं शाळेच्या मालकीची झाली होती आणि पासवर्ड तेव्हाच शाळेला मिळायला हवा होता. तुमचा करार वेगळा असू शकतो, आणि नोकरीत असताना असा अर्ज करावा का, हे तुमच्या संस्थेचं वातावरण बघून ठरवा. पण आधी आपल्याच शाळेचं जडवस्तू संग्रह रजिस्टर उघडून संगणकांची नोंद बघा. कधी कधी उत्तर त्याच कपाटात असतं.

तोवर मुलांना थांबवू नका. गाव प्रत्येक संगणकावर न ठेवता एकाच मशीनवर ठेवा. स्वतःच्या लॅपटॉपवर 'होस्ट सर्व्हर'ला टिक करून जग चालू करा आणि मुलांना त्यांच्या संगणकांवरून त्यात येऊ द्या. पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ३०००० असतो, विंडोजची फायरवॉल विचारेल तेव्हा परवानगी द्या. इंटरनेट लागत नाही, कक्षातलं नेटवर्क पुरतं. मुलांची मशीन रोज कोरी झाली तरी बिघडत नाही, कारण बांधकाम तुमच्या लॅपटॉपवर आहे. लुआंटीची विंडोजसाठीची झिप फाइल इन्स्टॉल न करता नुसती उघडून चालते, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनही. एक लक्षात ठेवा : नव्या आवृत्तीत इंजिनाबरोबर, म्हणजे लुआंटीच्या मूळ सॉफ्टवेअरबरोबर, गेम येत नाही, तो घरी नेट असताना वेगळा उतरवून घ्यायचा. तो लॅपटॉपवर असला की पुरे. (मिनेटेस्ट म्हणून शोधत असाल तर तेच हे, २०२४मध्ये नाव बदललं.) माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्याच प्रसिद्ध खेळाची शाळांसाठीची आवृत्ती सुबक आहे, पण तिला प्रत्येकाचं शाळेचं खातं आणि लॉगिन लागतं. आपल्यासारख्या शाळांनी त्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्याध्यापकांना काय दाखवायचं? गाव दाखवू नका. गणित दाखवा.

मी मुलांना ३६ ठोकळे देतो : याचं कुंपण घाला, आत जास्तीत जास्त जमीन आली पाहिजे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरायचा. कागदावर परिमिती ३६ म्हटली की सगळे ९ गुणिले ९ करून ८१ सांगतात. स्क्रीनवर बांधून आतली जमीन मोजली की ६४ भरते. एकदा यावर वर्गात चांगलाच वाद झाला, १७ चौरस मीटर गेले कुठे म्हणून. मग शेतकरी घरातली एक मुलगी म्हणाली, "सर, बांध कुणाच्या रानात धरला?" तिथून तास मुलांनीच चालवला. कुंपणाच्या आतल्या कडेने ३२, बाहेरच्या कडेने ४०, मधोमध मोजलं तर ३६. वर एका गटाने चारही कोपरे रिकामे सोडले आणि ३६ ठोकळ्यांतच आत ८१ बसवले. ते चालेल का, हे त्यांनी कोपऱ्यातून बाहेर सरकायचा प्रयत्न करून तपासलं. उडी न मारता बाहेर पडता येत नाही. जाडी नसलेली रेषा आणि खरं कुंपण यांतला फरक मी फळ्यावर इतकी वर्षं शिकवून जमला नव्हता.

हे वहीत उतरलंच पाहिजे. निम्मी तासिका खेळ, निम्मी वही आणि चर्चा. नुसतं खेळायला सोडायचं असेल तर संगणक कक्षात नेऊ नये, मैदानावर न्यावं. आणि एका संगणकाला तीन मुलं हे रडगाणं नाही, ते फायद्याचंच आहे : एकाच्या हातात माउस, दुसऱ्याकडे नकाशा, तिसऱ्याकडे मोजणी, दर दहा मिनिटांनी बदल. १९७१मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या डॉन राविच या नवशिक्या शिक्षकाने दोन मित्रांबरोबर आठवीच्या इतिहासासाठी 'ओरेगॉन ट्रेल' हा संगणकावरचा खेळ बनवला, तेव्हा मुलं एका टेलिटाइप यंत्राभोवती गटाने बसून खेळली होती. पडदासुद्धा नव्हता, सगळं कागदावर छापून यायचं.

मोबाइलवर गृहपाठ म्हणून गेम देऊ नका. पालकांचा विश्वास एकदा गेला की परत मिळवणं फार अवघड जातं, आणि ज्यांच्या घरी एकच फोन आहे त्या मुलांवर अन्याय होतो. लहान वर्गांसाठी कोणी विचारलं तर जीकॉम्प्री हा छोट्या शैक्षणिक खेळांचा संच सुचवा, फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं.

प्रत्येक तासानंतर लॅपटॉपमधल्या 'वर्ल्ड्स' फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. जुन्या मशीनवर चित्र अडखळत असेल तर दिसण्याचं अंतर कमी करा. तुमच्या कक्षात संगणक तारेने नेटवर्क स्विचला जोडलेत की नुसतं वायफाय आहे, ते कळवा. वायफायवर इतकी मशीन एकदम नीट चालतील याची खात्री मी देणार नाही.