सीमधलं ‘कॅर’ म्हणजे अक्षर का?

प्रश्न असा: सी ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवताना व्हेरिएबलला ‘चल’ म्हणावं का? आणि इंट, फ्लोट, कॅर हे माहितीचे प्रकार, अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या माहितीची ओळ), स्ट्रक्चर यांना काय म्हणावं?

‘चल’ चालेल. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सगळ्यांनीच सोडवलेली असतात, त्यामुळे शब्द ओळखीचा आहे. खोच एवढीच की बीजगणितातलं चल संख्येच्या जागी येतं, तर सीमधलं चल म्हणजे मेमरीतली ठरावीक मापाची, नाव दिलेली जागा. म्हणून ‘क्ष = क्ष + १’ हे गणिताच्या वहीत अशक्य आणि सीमध्ये रोजचं: क्षमध्ये जे आहे त्यात १ मिळवून परत तिथेच ठेव. हे पहिल्याच तासाला सांगून टाकावं. ‘चल, आता चल घोषित कर’ असं वाक्य कधीतरी तोंडून जाईल, त्याला इलाज नाही.

इंटला ‘पूर्णांक’ ठीक. गणितातले पूर्णांक संपत नाहीत. चार बाइटांचा (बाइट म्हणजे मेमरी मोजायचं छोटं एकक) इंट मात्र २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ला थांबतो. फ्लोट म्हणजे दशांश चिन्हाच्या संख्यांचा प्रकार, पण त्याला ‘अपूर्णांक’ म्हणू नये. एक दशांश हा साधा अपूर्णांक, पण द्विमान (फक्त ० आणि १च्या) पद्धतीत तो नेमका लिहिताच येत नाही, म्हणून फ्लोटमध्ये त्याच्या अगदी जवळची दुसरीच संख्या जाऊन बसते. ‘फ्लोट’च राहू द्या.

खरा घोटाळा कॅरचा. पुष्कळजण सहज ‘अक्षर’ लिहून मोकळे होतात. इंग्रजी वर्णमालेपुरतं ते खपतं, कारण तिथे एक वर्ण एका बाइटात मावतो, आणि सीमध्ये कॅरचं माप एक बाइटच असतं. आता ‘क्षि’ घ्या. आपल्या लेखी हे एक अक्षर. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या लेखी क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार अशी चार चिन्हं. ही चिन्हं बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे झाले बारा. स्ट्रलेनला (मजकुराची लांबी बाइटांत मोजणारं सीमधलं फंक्शन) विचारा, ते १२च सांगेल. आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासकट ते साठवायला तेरा कॅरचा अ‍ॅरे लागेल. एका अक्षराला तेरा ‘अक्षरं’! हे मराठी विद्यार्थ्याला कसं समजावणार? त्यापेक्षा ‘कॅर’ म्हणावं. काहीजण ‘चार’ म्हणतात. मग ‘चार एक बाइटचा आणि इंट चार बाइटचा’ असं वाक्य तयार होतं, तेव्हा कॅरच बरं.

अ‍ॅरेला ‘सारणी’ सुचवतात. पण वारंवारता सारणी म्हटलं की डोळ्यांपुढे उभे-आडवे रकाने येतात. ‘रांग’ म्हणावं, तर ती क्यूसाठी (जिथे आधी आलेलं आधी बाहेर पडतं) हवी. म्हणून अ‍ॅरे. स्ट्रक्चरला ‘रचना’ चालेल: नाव, हजेरी क्रमांक, गुण अशी वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली.

उसने शब्द ठेवले तरी त्यांना लिंग मराठीच लागतं, आणि ते कुणी शिकवावं लागत नाही. लिस्ट ‘ती’, कारण यादी ती. क्यू ‘ती’, कारण रांग ती. पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं चल) आणि स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी काढायची चळत) मात्र ‘तो’. व्हेरिएबलच्या बाबतीत ‘तो’ आणि ‘ते’ दोन्ही कानावर पडतं. मी ‘ते’ म्हणतो, चल नपुंसकलिंगी आहे म्हणून.