ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यातल्या माणसांचा देह एकीकडे आणि हृदय दुसरीकडे का पुरलं आहे?

मुख्य कारण व्यवहाराचं. मृतदेह बरेच दिवस दर्शनाला ठेवायचा, त्यामुळे आतले अवयव काढावेच लागत. १६५४ मध्ये सम्राटाचा मुलगा चौथा फर्डिनांड वारला, तेव्हापासून व्हिएन्नात त्याची रीतच झाली. देह कापुचिन मठाच्या तळघरात, हृदय चांदीच्या कलशातून ऑगस्टिनियन चर्चमध्ये आणि आतडी सेंट स्टीफन कॅथीड्रलखाली.

कापुचिन मठाच्या त्या तळघरात अठराव्या शतकातली राज्यकर्ती मारिया थेरेसा आणि तिच्या नवऱ्याची जोडशवपेटी आहे. झाकणावर दोघं नुकतीच झोपेतून उठल्यासारखी, एकमेकांकडे बघत अर्धवट बसलेली. आणि त्यांच्या पायाशी मुलाची, सम्राट दुसऱ्या जोसेफची, तांब्याची साधी पेटी, नक्षी जवळपास नाहीच. माझ्या मते, त्याचा स्वभाव कळायला ही एक पेटी पुरते.

घराण्याचा मूळ किल्ला मात्र स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतात. त्याच प्रांतातला मुरीचा मठ याच घराण्याने १०२७ मध्ये स्थापला. शेवटचा सम्राट कार्ल १९२२ मध्ये हद्दपारीत, मदेइरा बेटावर वारला. देह तिथेच राहिला, हृदय मुरीला आलं. त्याची पत्नी, सम्राज्ञी झिटा, त्याच्यामागे ६७ वर्षं जगली. १९८९ मध्ये तिला व्हिएन्नात पुरलं, पण हृदय मुरीला, कार्लच्या हृदयाशेजारी.