बैलाला आवतन, बोकडाला सुरी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पोळ्याला अण्णांनी व्हिडिओ कॉलवर बैल दाखवले, तेव्हापासून तू माझ्या मागे लागली आहेस. तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील आईनं सोयीनं बदलला. "बैल काही फार हुशार नसतो. ऑक्टोपस कोडी सोडवतो. मग आपण बैलाच्याच पाया का पडतो? आणि जी माणसं बैलाला पुरणपोळी देतात तीच दर्ग्यावरच्या नवसाच्या कंदुरीला बोकड कापतात, ते कसं? बोकडाला दुखत नाही का?" बाबांनी "परंपरा आहे" म्हणून हात झटकले. मला तेवढ्यानं भागेल असं वाटलं नाही, म्हणून हे पत्र. मराठीत लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर फोनला विचारू नकोस, मला विचार.

आधी पूजेचं घे. तू पाहिलास तो पोळ्याचा दिवस: रंगवलेली शिंगं, बेगड, झूल, गळ्यात घुंगरमाळा, मारुतीच्या देवळापुढं बैलांचं लग्न आणि मंगलाष्टका. पण खरा पोळा आदल्या संध्याकाळी असतो. तिला खांदेमळणी म्हणतात. बैल ओढ्यावर धुऊन आणतात आणि त्यांच्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात. जू बसतं ती मानेवरची जागा तू हात लावून पाहायला हवीस. तिथली कातडी वहाणेच्या टाचेसारखी राठ झालेली असते, केस झडलेले असतात, कधी कधी जुन्या जखमेचा वळ असतो. अण्णा बोटांनी नाही, तळव्यानं मळतात, सावकाश, आणि बैल मान खाली घालून उभा राहतो. मळून झालं की त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." जेवायला बोलावतात तसं रीतसर बोलावणं, तेही 'घ्या', 'या' असं अहो-जाहो करून. एरवी वर्षभर त्याच बैलाला शिव्या ऐकाव्या लागतात, ते निराळं.

आता यात बैलाच्या अकलेचा संबंध कुठं आला? नांदेडकडच्या माळेगावच्या जत्रेत बैल घेताना लोक वय ओळखायला दात बघतात. आदत आहे का, म्हणजे अजून दुधाच्या दातांचा; दुसा की चौसा, म्हणजे दोन की चार पक्क्या दातांचा; की जुळला, म्हणजे सगळे दात आलेला. खूर बघतात, वशिंड बघतात, चालवून बघतात. देवणी जातीचा असेल तर भाव वेगळा, लाल कंधारी असेल तर वेगळा. उपरण्याखाली बोटं धरून सौदा होतो. बैल किती हुशार आहे, हे कुणी विचारत नाही. पोळ्यालाही विचारत नाही.

आणि पुढचं ऐक. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे नांगर, कुळव, विळा, कुऱ्हाड मांडून पूजतात. हल्ली ट्रॅक्टरलाही हार घालतात. मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळं घरदार शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी (मिसळ भाजी) आणि आंबील खायची, आणि काळ्या आईची पूजा करायची. विळ्याला जीव नाही. मातीला दुखत नाही. तरी आपण हात जोडतो. म्हणजे आपली पूजा "तुला मन आहे" असं सांगत नाही. ती सांगते, "आम्ही तुझं खाल्लंय." पूजा हे उपकाराचं माप आहे. एखाद्या जिवाशी कसं वागावं, त्याचं माप वेगळंच काहीतरी असलं पाहिजे. तू हे दोन्ही एकच धरलंस, आणि खरं सांगायचं तर गावातही सगळे एकच धरतात.

ते एक नाही, हे बैलालाच विचार. ज्याची पूजा होते त्याचंच नाक लहानपणी टोचून वेसण घालतात. गोऱ्हा औताला धरायचा म्हणून त्याला खच्ची करतात. पूर्वी ते ठेचून करायचे, ते मी तुला सांगणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पराणीची आर पुन्हा त्याच्याच पुठ्ठ्यात टोचते. पूजा आणि टोचणी यांचं आपल्याकडे कधी भांडण झालं नाही.

आता बोकड. त्याला दुखतं, सई. बैलाला दुखतं तितकंच दुखतं. नवस फेडायला दर्ग्यावर कंदुरी करतात तेव्हा त्याला पाला दाखवत नेतात, आणि माणसांची गर्दी बघून तो पाय रोवतो. बैलाला आवतन आणि बोकडाला सुरी, हा फरक बोकडाच्या आत काही कमी आहे म्हणून पडलेला नाही. तो औत ओढत नाही, म्हणून पडलेला आहे. अकलेचंच म्हणशील तर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली शेळ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना आधी खाऊचा डबा उघडायला शिकवलं आणि मग झाकण असं बसवलं की उघडूच नये. शेळ्या काय करतात? डब्याकडं बघतात, मग समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघतात, पुन्हा डब्याकडं. माणूस पाठमोरा उभा असेल तर त्याच्याकडं तेवढा वेळ बघत नाहीत. माणसाचं लक्ष आपल्याकडं आहे की नाही, हे बोकडाला कळतं. तेव्हा हुशारीवर गुण द्यायचे ठरले तर बोकड आपल्या दावणीतल्या बऱ्याच जणांच्या पुढं बसेल, आणि तरीही कापला जाईल.

मग ऑक्टोपसचं काय? त्याच्या अंगात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात, त्यातल्या बऱ्याचशा डोक्यात नसून भुजांमध्ये असतात. तो बरणीचं झाकण फिरवून आतला खेकडा काढतो, हे तू मला दाखवलंस. मला त्याचं कौतुक आहे. पण अकलेची मोजपट्टी कोण बनवतं ते बघ. माणूस बनवतो, आणि मग त्याच पट्टीनं मोजून स्वतःला पहिला नंबर देतो. कधी एखादा ऑक्टोपस, एखादा चिंपांझी पास झाला तर त्याला आपल्या पंगतीत जागा. बाकीचे बाहेर.

ही परीक्षा आपल्या मराठवाड्यात एकदा झालेली आहे, गोदावरीच्या काठी, पैठणला. ज्ञानेश्वरांची गोष्ट तुला अर्धी माहीत आहे, रेड्याच्या तोंडून वेद म्हणवले ती. आधीची अर्धी ऐक. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं संन्याशाची पोरं, म्हणून शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं उभी होती. कुणीतरी टोमणा मारला, नावात काय आहे, त्या पखालीच्या रेड्याचं नावही ज्ञानाच आहे. ज्ञानेश्वर म्हणाले, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. तेव्हा एकानं रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले, आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. मग सभा म्हणाली, भेद नाही ना, तर म्हणव याच्याकडून वेद.

चमत्कार खरा की खोटा, यात मी पडत नाही. मला ही गोष्ट आवडते ती तिच्यातल्या क्रमासाठी. वळ आधी, वेद नंतर. वळ उठले तिथंच उत्तर मिळालं होतं: त्याला लागतं, आणि ते मला कळतं. सभेचं त्यानं समाधान झालं नाही. तिला हुशारीचा पुरावा हवा होता. आणि आपणही सातशे वर्षं वेदांचंच कौतुक करतो, चित्रात रेडा तोंड उघडलेलाच काढतो. वळांचं चित्र मी तरी पाहिलेलं नाही. तू हल्ली बातम्या पाठवतेस ना, अमुक प्राण्याला मोजता येतं, तमुक प्राण्याला आरशात स्वतःला ओळखता येतं? मला ती पैठणची सभाच आठवते. तुझ्या शाळेत इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम शिकवतील. त्यानं १७८९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिलं की जनावरांना तर्क करता येतो का किंवा बोलता येतं का हा प्रश्नच नाही, त्यांना यातना होतात का हा प्रश्न आहे. ते शिकशील तेव्हा रेड्याची गोष्ट वर्गात सांग. ती त्याच्या आधीपासून आपल्या कीर्तनांत चालत आली आहे.

त्याच पैठणचे एकनाथ. काशीहून कावडीत आणलेलं, रामेश्वराला घालायचं गंगेचं पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. गाढव! अकलेच्या यादीत आपण ज्याला कायम शेवटी बसवलं, ते. नाथांनी तहान बघितली.

पण थांब. एवढं वाचून आपल्या लोकांची फार पाठ थोपटू नकोस. १९२७ साली महाडला बाबासाहेबांना चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, कारण त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना मनाई होती. मराठवाड्यातल्या गावविहिरींचीही तीच तऱ्हा होती. रेड्याच्या वळांची गोष्ट ऐकून डोळे पुसणारी माणसंच विहिरीवर पहारा देत होती. कीर्तनातली कणव विहिरीपर्यंत पोचली नाही. म्हणून मी परंपरेवर सगळं सोपवत नाही, आणि बाबांचं उत्तर मला पुरत नाही.

अकलेच्या मापाचा धोका माणसांतही तोच आहे. तुझी पणजी शेवटची दोन-तीन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. दिवस, वार, नाव, सगळं गेलं होतं. परीक्षा घेतली असती तर तुझा ऑक्टोपस तिच्यापुढं गेला असता. पण कुशीवर वळवताना पाठीतली जखम ताणली की ती कण्हायची, आणि घरातलं कुणीही रात्री दोनला उठायचं. तिला अक्कल किती उरली आहे, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही.

तू विचारशील, मग दुखणं एवढंच माप? मुंगी, बैल, माणूस सगळे सारखे? नाही, तसं मला वाटत नाही. दुखतं म्हटलं की त्या जिवाचा विचार करणं भाग पडतं, पण सगळ्यांना सारखंच दुखतं असं नाही, आणि सारखंच हवं असतं असंही नाही. इथं हुशारी उपयोगी पडते. ऑक्टोपसला रिकाम्या टाकीत कंटाळा येतो, त्याला उचापती हव्यात. बैलाला कोडं नको, त्याला जोडीदार हवा. जोडी फुटली की राहिलेला बैल दोन-दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही, असं अण्णा सांगतात. कुणाला कशानं लागतं हे हुशारी सांगते. त्याचं लागणं मोजायचं की नाही, हे ठरवणं तिचं काम नाही.

आपण राहतो त्या ब्रिटननं २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपसबरोबर खेकडे आणि लॉब्स्टरही संवेदनशील प्राण्यांत घातले. त्याआधी तज्ज्ञांनी जो अहवाल दिला त्यात खेकड्याला गणित येतं का हे पाहिलेलं नाही. जखम झाली तर तो ती जपतो का, वेदना टाळण्यासाठी चांगली जागा सोडतो का, वेदनाशामक औषधानं त्याचं वागणं बदलतं का, हे पाहिलं. मला ही तपासणी पैठणच्या सभेपेक्षा बरी वाटते. कायद्यानं सगळं झालं असं मात्र नाही. बाजारात खेकडे अजून जिवंतच विकतात, आणि उकळत्या पाण्यात टाकू नका असं त्या कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवरची बंदी २०१५ साली बैलांनाही लागू झाली. ऐकायला बरं वाटतं. पण ते आणि त्याच्या आधीचं, अशी दोन्ही वर्षं आपल्याकडे दुष्काळाची होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कडब्याची पेंढी परवडेना, म्हातारा बैल घ्यायला कुणी येईना, आणि कुणी चारा छावणीचा रस्ता धरला, कुणी गुरं मोकळी सोडून दिली. बैलाचा जीव मोलाचा ठरवायचा आणि वैरणीचा खर्च एकट्या शेतकऱ्यानं करायचा, हे काही मला पटत नाही. आपला हौशा तेव्हा औताला चालत नव्हता. अण्णांनी त्याला ठेवला, पण ते त्याबद्दल बोलताना पाप-पुण्याची भाषा करत नाहीत. "ऊस विकत आणून घातला," एवढंच म्हणतात.

राहता राहिली कंदुरी. ती बंद करा असं मी इथं बसून अण्णांना सांगणार नाही. ज्या वाड्यावस्त्यांवर वर्षातून दोनदा मटण शिजतं, त्यांच्यापेक्षा आपल्या फ्रीजमध्ये जास्त मांस असतं, आणि ते प्राणी कसे वाढले हे आपण बघतही नाही. तू त्यांना विचार मात्र जरूर. ते चिडणार नाहीत, उत्तर द्यायला वेळ घेतील. घरापुरतं सांगते: रविवारी तुला मटण नको असेल तर तुझ्यासाठी वांग्याची भाजी करीन, त्याचा गाजावाजा करू नकोस. बाबांच्या ताटातलं मात्र आपण परस्पर उचलायचं नाही. त्यांच्याशी वाद घाल, आणि तयारीनं घाल. शेळीच्या डब्याचा प्रयोग त्यांना माहीत नाही.

तुझी,
आई